खतखड्ड्यातून नुसता वासच निघत नाही

उकिरड्याजवळ नाकाला झोंबतो तो अमोनिया. सडक्या अंड्यासारखा वास असतो हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र नाकाला कळतच नाहीत, आणि हवामानाला तेच भारी पडतात: शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन साधारण २७, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून वास गेला की काम झालं, असं धरू नये.

कुजणाऱ्या खताच्या ढिगातून हे वायू किती निघतात, हे मोजायची पद्धत साधी आहे. तळाला रबरी बूच बसवलेली बादली ढिगावर पालथी घालायची आणि कडा पाचेक सेंटिमीटर आत दाबायच्या. ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी सिरिंजने हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायची. वायूचं प्रमाण सरळ रेषेत वाढलं नाही, तर कडेतून गळती असू शकते. ढिगातली गरम हवा माथ्यातून वर जाते आणि गार हवा बुडातून आत शिरते; त्यामुळे बादली नुसती ढिगाच्या बाजूवर ठेवली तर आकडा फसवा कमी येतो. अमोनिया बादलीच्या ओल्या भिंतीत विरघळतो. तो बोरिक आम्लात पकडून टायट्रेशननेच (ठरावीक तीव्रतेचं आम्ल थेंबाथेंबाने घालून) मोजावा.

वायू रोखायचे तर ढीग रचतानाच. परभणी-हिंगोलीकडे तुराट्यांना (तुरीच्या वाळक्या काड्यांना) तोटा नाही. त्यांचा २० सेंटिमीटरचा थर तळाला दिला की खालून हवा खेळते. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर गाभा दबून मिथेन तयार होतो. कर्ब-नत्र गुणोत्तर (एका भाग नत्राला किती भाग कर्ब, म्हणजे कार्बन) २५ ते ३० ठेवावं. शेण, कोंबडीखत किंवा भाजीचा ओला कचरा जास्त झाला की नत्र अमोनिया होऊन उडतो, म्हणजे शेतात जायचं खत हवेत जातं. अशा वेळी ढिगात सोयाबीनचं भुसकट मिसळावं. पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) अख्ख्या टाकून उपयोग नाही: लिग्निन या लाकडाला टणक करणाऱ्या घटकामुळे त्यांच्यातला कर्ब जिवाणूंना लवकर मिळत नाही. श्रेडरमधून बारीक करूनच घालाव्यात.

ओल ५० ते ६० टक्के हवी. मूठ आवळली तर एखाद-दुसराच थेंब यावा. मे महिन्यात वरचा थर वाळतो आणि कुजणं थांबतं. पावसाळ्यात उलट, पाणी मुरून हवेच्या वाटा बुजतात, तेव्हा वर छप्पर हवंच. तापमान ६५ अंशांवर गेलं की ढीग पलटावा. उगाच रोज पलटू नये, प्रत्येक खेपेला अमोनिया सुटतो. पलटल्यावर वर १० सेंटिमीटर मुरलेलं खत पसरावं. त्यातले जिवाणू वर येणाऱ्या मिथेनचा बराच भाग खातात, अमोनियाही त्यात अडकतो.

मोजणी पंधरवड्यात आटोपू नये. नायट्रस ऑक्साइड बऱ्याचदा ढीग ४० अंशांखाली आल्यावर वाढतो, कारण नत्रावर काम करणारे जिवाणू तेव्हाच जोर धरतात.