गावातल्या दोन वनसमित्या: वनखात्याची कोणती, ग्रामसभेची कोणती?

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत जंगलाच्या नावानं दोन समित्या असतात. एक संयुक्त वनव्यवस्थापन समिती आणि दुसरी सामूहिक वनहक्काची, ग्रामसभेनं नेमलेली. माणसं पुष्कळदा तीच, बैठकही त्याच समाजमंदिरात. मग "समिती तर आहेच की आपल्याकडं" असं म्हणत गाव वनहक्काचा दावा करायचंच राहतं.

संयुक्त वनव्यवस्थापन केंद्राच्या १९९० च्या परिपत्रकातून आणि राज्याच्या १९९२ च्या शासननिर्णयातून आलं. गावानं वणवा विझवायचा, चोरटी तोड थांबवायची, रोपवन राखायचं. बदल्यात उत्पन्नात वाटा. जंगल खात्याचं, आराखड्याला मंजुरी खात्याची, सचिवही खात्याचाच. अधिकारी कळकळीचा असला तर यातूनही चांगलं काम उभं राहतं. पण त्याची बदली झाली की रजिस्टर कपाटात जातं.

सामूहिक वनहक्काला आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे. ग्रामसभेचा दावा उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडं जातो आणि मंजूर झाला की हक्कपत्र मिळतं. जमीन विकता येत नाही, पण कुठं चराई बंद ठेवायची, कुठला बांबू काढायचा, तेंदूपत्ता कुणाला द्यायचा, हे गाव ठरवतं.

फरक खरा कळतो तो माल गावाबाहेर काढताना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळेना. खातं बांबूला लाकूड समजत होतं. वनहक्क कायद्यात मात्र तो गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर हा परवाना ग्रामसभेची समितीच देते. सही कुणाची, यावरून जंगलाचा कारभार कुणाकडं आहे ते समजतं.

जोखीमही ग्रामसभेचीच, हे लपवायला नको. तेंदूच्या ७० पानांचा एक पुडा बांधायला बायामाणसं ऐन उन्हाळ्यात पहाटेपासून राबतात, आणि ठेकेदारानं पैसे थकवले तर जाब ग्रामसभेला द्यावा लागतो. म्हणून करारनामा आणि अनामत रक्कम आधी, तोड नंतर.

आपल्या गावाचं हक्कपत्र एकदा काढून वाचाच. त्यात नुसती चराई आणि गौण वनोपज असेल, जंगलाच्या संरक्षण-व्यवस्थापनाचा उल्लेख नसेल, तर सामूहिक वनसंसाधनाचा दावा अजून बाकी आहे. त्याच्या अर्जाचा नमुना वेगळा असतो. ठरावाच्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. तेव्हा सभा तेंदूच्या हंगामात ठेवू नका. त्या दिवसांत बाया जंगलात असतात.