आयटीआयच्या वर्गात गणित कशासाठी?

फिटर ट्रेड घेतलेली मुलं पहिल्या वर्षी हमखास विचारतात, हाताला काम शिकायला आलो, मग वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग कशाला? उत्तर टॅप मारताना, म्हणजे भोकात आटे पाडतानाच मिळतं. एम10 म्हणजे 10 मिमी व्यासाचा बोल्ट; त्याच्या नेहमीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी. 10 मधून 1.5 गेले की ड्रिल 8.5 चं. 8 चं ड्रिल मारलं तर टॅपला जास्त धातू कापावा लागतो, तो अडकतो आणि भोकातच तुटतो. 9 चं मारलं तर आटे उथळ पडतात, बोल्ट आवळताना सोलून निघतात. ड्रॉइंगमध्येही तसंच. वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे फर्स्ट अँगल, अमेरिकी ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल. पद्धतीचं चिन्ह न बघता काम सुरू केलं की डावीकडची खाच उजवीकडे जाते आणि अख्खा नग भंगारात.

कसब आणि शिक्षण एकत्र हवं, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं.

सर्वात धाडसी प्रयोग वर्ध्याचा. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली. नंतर झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हस्तोद्योगाला दिले. तकलीवरच्या सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक आहे हे काढायचं तर लांबी मोजावी लागते, वजन करावं लागतं, भागाकार करावा लागतो. म्हणजे गणित उद्योगातूनच यायचं. अडचण शिक्षकांची होती. हा सांधा जुळवणं फार थोड्यांना जमलं. बाकी ठिकाणी तकली फिरत राहिली आणि गणित फळ्यावरच राहिलं.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांना माणसं लवकर हवी होती. 1950 मध्ये आयटीआय ज्याखाली चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना आली, 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा. आयटीआयने लाखो घरं उभी केली, यात शंका नाही. पण शाळा वेगळी, वर्कशॉप वेगळं, अशी वाटणीही पक्की झाली. मार्क कमी पडले की आयटीआय, हा समज तिथूनच घट्ट झाला आणि त्याने ट्रेडचं आणि शाळेचंही नुकसान केलं.

तो सांधा पुन्हा जुळवला पाबळने. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या शालेय अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य अशी कामं गावाच्या गरजेची म्हणून करतात आणि खर्चाचा हिशेबही मांडतात.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी सुतार, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. दहा दिवसांत हत्यारांची ओळख होते, हात बसत नाही. पाबळसारखा दर आठवड्याचा एक पूर्ण दिवस वेळापत्रकात आला तरच गणिताचे शिक्षक आणि वर्कशॉपचे निदेशक एका कामावर एकत्र उभे राहतील.