शिवी नसली तरी शेरा ‘डेरोगेटरी’ असू शकतो

‘रोज एक इंग्रजी शब्द’ छापाच्या फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा अर्थ असा: डेरोगेटरी म्हणजे शिवीगाळ; अपशब्द नसेल तर शेरा डेरोगेटरी नाही.

गैरसमज होणं साहजिक आहे, कारण शिव्याही बहुधा डेरोगेटरीच असतात. पण या शब्दाच्या मुळाशी कमी करणं आहे. लॅटिन ‘डेरोगारे’ म्हणजे कायद्याचा काही भाग रद्द करणं. कायद्याच्या इंग्रजीत ती छटा अजून टिकून आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 100 इंग्रजीत उघडून पाहा. हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना उणेपणा आणणारा नाही, हे सांगताना तिथे ‘डेरोगेशन’ हाच शब्द येतो. तिथे शिवीचा काय संबंध?

माणसाबद्दल वापरला की कमी होतो तो त्याचा मान. “बाईमाणूस असून गाडी बरी चालवता हो!” यात एकही अपशब्द नाही, उलट वरवर कौतुकच, तरी शेरा डेरोगेटरीच. (असे शेरे बहुतेकदा हसतहसतच मारले जातात.) याउलट ठेच लागल्यावर तोंडातून निसटलेली शिवी कुणाला उद्देशून नसते, म्हणून ती असभ्य खरी, पण डेरोगेटरी नव्हे.

खात्री करायची तर चांगल्या इंग्रजी शब्दकोशात हा शब्द काढा: व्याख्येत अनादर, कमी लेखणं सापडेल, शिवीची अट नाही.