पाकीट हातात आल्यावर: कोड्यापासून डब्यापर्यंत

तुमच्या पाकिटात तीन वस्तू आहेत: कोड्याचा कागद, निळं ओळखपत्र आणि हे माहितीपत्रक. कोडं सुटलं की पुणे परिसरातल्या एका जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात आणि त्या जागी आम्ही ठेवलेला डबा असतो. कोड्याला हात घालण्याआधी एवढं वाचून घ्या. दहा मिनिटं जातील, पण दुपारभराची पायपीट वाचेल.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली आणि जीपीएसचं यंत्र एकदम काही मीटरांपर्यंत अचूक जागा दाखवू लागलं. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्यातली एखादी वस्तू घ्या, बदल्यात दुसरी ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. त्यातून जिओकॅशिंग उभं राहिलं. यातल्या काही डब्यांचा पत्ता सरळ दिलेला नसतो. नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं, पण डबा तिथे नसतो. आधी कोडं सोडवायचं, मग खरी जागा कळते. आमची पाकिटं याच जातीची.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक मंडळी कागद उघडतात आणि ‘ही कुठली लिपी, हा कुठला संकेत’ म्हणून अंदाज बांधत बसतात. आमचं सांगणं असं, की सुरुवात उत्तरापासून करा. उत्तराचा मोठा भाग तुम्हाला आधीच माहीत आहे. पुण्यात कुठेही उभे राहा, अक्षांश १८ ने सुरू होणार आणि रेखांश ७३ ने. शहराच्या हद्दीत अक्षांशाची मिनिटं साधारण २७ ते ३५, रेखांशाची ४६ ते ५७. म्हणजे कागदावर चांदण्या असोत, मोर्सचे ठिपके असोत की भाजीची चित्रं, ती कुठेतरी १, ८, ७ आणि ३ म्हणत असणारच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या केंद्रात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारे हेच करत. हवामानाच्या संदेशात ‘हवामान’ हा शब्द येणारच, हे धरून ते तिथून आत शिरत.

समजा, प्रत्येक आकड्याला एकेक चित्र दिलं आहे आणि डबा शहराच्या मध्यभागी आहे. ओळीतलं पहिलं, चौथं आणि आठवं चित्र सारखं, शिवाय तिसरं आणि सहावंही एकमेकांसारखं. आता १८ ३१ ७३ ५१ असं लिहून बघा. १ नेमका पहिल्या, चौथ्या आणि आठव्या जागी येतो, ३ तिसऱ्या आणि सहाव्या जागी. पाच आकडे हाती लागले आणि कुठल्याही पुस्तकाला हात लावावा लागला नाही.

आमच्या पाकिटांत सगळ्यात जास्त येतो तो कटपयादि संकेत, आणि तो आम्ही फार प्रेमाने घालतो. केरळच्या ज्योतिर्विदांनी मोठे आकडे शब्दांत गुंफून पाठ करण्यासाठी तो वापरला. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्ता रागांच्या नावांतही तो आहे: मायामालवगौळ १५ वा, धीरशंकराभरण २९ वा, हे पहिल्या दोन अक्षरांवरून कळतं. रीत अशी:

क ते झ म्हणजे १ ते ९, ञ म्हणजे ०.
ट ते ध म्हणजे १ ते ९, न म्हणजे ०. (मध्ये ण येतो, तो ५.)
प ते म म्हणजे १ ते ५.
य र ल व श ष स ह म्हणजे १ ते ८.

काना-मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार मोजायचे नाहीत. सुटा स्वर आला तर ०. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मिळालेले आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे.

कागदावर ‘जय कला पायरी, बस काम टेकडी’ असं लिहिलंय असं धरू. जय: ज ८, य १, उलटं वाचलं की १८. (महाभारताचं जुनं नाव ‘जय’ आणि पर्वं १८, हा मेळ आम्हाला अजूनही आनंद देतो.) कला: १ आणि ३, म्हणजे ३१. पायरी: १, १, २, म्हणजे २११. बस ७३, काम ५१, टेकडी ३११. पत्ता झाला १८° ३१.२११ उत्तर, ७३° ५१.३११ पूर्व. ही जागा शनिवारवाड्याच्या परिसरातली. तिथे आमचा डबा नाही, फक्त नमुन्यासाठी ती घेतली आहे. आकडे उलटवायचे विसरलात तर जयचे ८१ होतील आणि नकाशा तुम्हाला थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नेईल. असं झालं की समजा, रीत बरोबर होती, दिशा चुकली.

मोडीतली एखादी ओळ आली तर तिला संकेत समजून अक्षरं मोजत बसू नका. मोडी ही लिपी आहे, आपल्या पणजोबांच्या दप्तरातली. ती वाचायची असते, फोडायची नसते. पाकिटाच्या आतल्या घडीवर मुळाक्षरांचा तक्ता छापला आहे. कोड्यासोबतचा इशारा, म्हणजे मदतीची खूण, मात्र च-च्या भाषेत असतो: पहिल्या अक्षराच्या जागी च, आणि ते अक्षर शब्दाच्या शेवटी. ‘पायरी’ची ‘चायरीप’. घरातल्या लहानांकडे द्या, ती मोठ्यांच्या आधी वाचतात.

नकाशात पत्ता घालताना एक चूक वारंवार होते. १८° ३१.२११ मधले ३१.२११ ही मिनिटं आहेत. ती १८.३१२११ अशी टाइप केली, तर वरचाच पत्ता चाळीस किलोमीटरहून जास्त नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या रांगांत जातो. आमच्या सुरुवातीच्या पाकिटांवर ही सूचना नव्हती. एका कुटुंबाने कोडं अचूक सोडवलं आणि दोन मुलांना घेऊन गाडीने पानशेतच्या पुढे गेलं. फोन आला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. चूक आमचीच होती. तेव्हापासून प्रत्येक कागदावर अंश आणि मिनिटांची चिन्हं ठळक छापलेली असतात. तशीच टाइप करा.

जागेवर पोचल्यावर फोन खिशात ठेवा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन मीटर, पण झाडाखाली किंवा इमारतींच्या मध्ये फोन सहज दहा मीटर चुकतो. शेवटचे दहा मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात. डबा जेवणाच्या डब्याएवढा आहे, हिरव्या चिकटपट्टीने गुंडाळलेला, वर आमचं नाव. तो कधीही पुरलेला नसतो, म्हणून माती उकरू नका. बिळात किंवा दगडांच्या फटीतही आम्ही ठेवत नाही, तेव्हा तिथे हात घालू नका. संरक्षित वास्तू, गड-किल्ले, देवळं आणि स्टेशनचा परिसर आम्ही वर्ज्य मानतो. उत्तर तिथलं येत असेल तर ते चुकलेलं आहे. सगळे डबे जागामालकाच्या परवानगीने ठेवले आहेत. रखवालदाराने हटकलं तर निळं ओळखपत्र दाखवून सरळ सांगा की खेळ चालू आहे.

डबा उघडलात की वहीत तारीख आणि आडनाव पेन्सिलीनेच लिहा. शाई दमट हवेत पसरते आणि आधीच्या मंडळींच्या नोंदीही जातात. वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. खाऊ नको, मुंग्या लागतात. झाकणाची रबरी कड बोटाने पुसून, चारही बाजूंचे खटके ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. एका पावसाळ्यात एकच खटका उघडा राहिला आणि चाळीस कुटुंबांच्या नोंदींचा लगदा आमच्या हातात आला. डबा होता तिथेच, होता तसा झाकून ठेवा. उत्तराचा फोटो कुठे टाकू नका, दुसऱ्या घरातही हेच पाकीट गेलेलं आहे.

पंधरा मिनिटं शोधूनही डबा दिसला नाही तर पाकिटावरच्या क्रमांकावर तुम्हाला मिळालेला पत्ता कळवा. तो बरोबर आहे की नाही एवढं आम्ही लगेच सांगतो. बरोबर असूनही डबा जागेवर नसेल, तर दुसरं पाकीट आमच्याकडून.