न्यू इंग्लंडच्या जुन्या कबरी: दगड आणि अक्षरं

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमध्ये शेताच्या कडेला, दगडी गडग्याच्या आत एखाद्या घराण्याची दफनभूमी अजूनही दिसते. आडनाव एकच, पण पिढीगणिक दगड वेगळा. ही वेगळेपणाची खूण कळली की तारीख झिजलेल्या कबरीचाही काळ साधारण सांगता येतो.

जुने दगड बहुधा पाटीच्या दगडाचे, म्हणजे स्लेटचे. मधे कमान, दोन्ही बाजूंना छोटे खांदे आणि माथ्यावर पंख फुटलेली कवटी. प्रार्थनागृहात चित्र-मूर्तींना थारा न देणाऱ्या प्युरिटनांना (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या वसाहतकऱ्यांना) ही कवटी मात्र चालत असे! अठराव्या शतकात तिच्या जागी हळूहळू पंखवाला गोबरा देवदूत आला आणि शतक सरताना कलश व झुकलेल्या फांद्यांचं विलोचं झाड. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसन या पुरातत्त्वज्ञांनी १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या कबरी मोजून हा क्रम दाखवून दिला.

मला मात्र चित्रांपेक्षा अक्षरं जास्त बोलकी वाटतात. सुरुवातीचे पाथरवट सगळा मजकूर मोठ्या (कॅपिटल) रोमन अक्षरांत कोरत. ओळीतली जागा संपली की शब्द मधेच तोडायचा, नाहीतर उरलेलं अक्षर बारीक करून वर बसवायचं. ओळ सरळ यावी म्हणून ओढलेल्या रेघा तिरप्या उन्हात आजही दिसतात. पुढे छोटी अक्षरं रुळली. त्यांच्यातला, एफ वाटावा असा लांबोडका एस १८०० च्या आसपास मागे पडला. ‘येथे अमक्याचा देह आहे’ असं सांगणारा मजकूर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ असा झाला. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचं जॉन स्टीव्हन्स शॉप १७०५ पासून हेच अक्षरकाम करत आलं आहे.

‘१७२१/२’ अशी तारीख दिसली तर ती कोरणाऱ्याची चूक समजू नये. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून जानेवारीपासून त्या तारखेपर्यंतच्या आठवड्यांसाठी जुनं आणि नवं अशी दोन्ही वर्षं लिहीत.

एकोणिसाव्या शतकात संगमरवराची चलती झाली. दिसायला देखणा, पण आम्लयुक्त पावसात त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होऊन झडतो. म्हणून १८५० चं नाव वाचता येत नाही आणि शेजारच्या स्लेटवरचं १७२० चं ठसठशीत असतं. १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला जस्ताची स्मारकंही ओतली जात. रंग निळसर करडा, टिचकी मारली की पोकळ आवाज, अक्षरं मात्र अजून स्पष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ग्रॅनाइट रुळला आणि पुढे वाळूच्या फवाऱ्याने कोरलेली, साच्यातून काढल्यासारखी अक्षरं आली.

एक सावधगिरी हवी. सगळे दगड मृत्यूनंतर लगेच उभे राहिले असं नाही. १७१० ची तारीख आणि विलोचं झाड एकाच दगडावर असेल, तर तो बहुधा पणतवंडांनी बसवलेला.