मॅटवरचा सराव आणि दुखरं कोपर

गोल्फच्या सरावाची मॅट विकणाऱ्यानेच मॅटचे तोटे सांगावेत हे थोडं विचित्र वाटेल. पण दर पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास, आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. कोर्सवर चिखल, म्हणून गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये नेट बांधलेलं. रोज संध्याकाळी जोरात सराव. आणि तीन-चार आठवड्यांनी सकाळचा चहाचा कप उचलताना कोपरात कळ. "मॅट खराब निघाली का?" असं विचारलं जातं. कधी कधी निघते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा मॅट ठीक असते. ती अंथरलेली जागा किंवा तिच्यावर मारलेल्या चेंडूंची संख्या चुकलेली असते.

धक्का येतो कुठून

आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबचा (गोल्फच्या काठीचा), शॉट नीट बसला की क्लब आधी चेंडूला लागतो आणि मग त्याच्या पुढची माती उचलतो. डिव्हट (उखडलेल्या गवत-मातीचा खळगा) चेंडूच्या पुढे पडतो तो त्यामुळेच. माती फाटते, सरकते, आणि क्लबचा जोर तिच्यात जिरतो. शॉट फॅट गेला, म्हणजे क्लब आधी जमिनीत रुतला, तर चेंडू पुढे कुठेतरी जवळच पडतो. चूक तिथल्या तिथे कळते, कॅडीलाही (क्लब वाहणाऱ्या सोबत्यालाही) कळते.

मॅट फाटत नाही. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला, तरी तो नायलॉनवरून उसळून किंवा घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. समोर नेट असेल तर विषयच संपला, तो किती लांब गेला असता हे कळायला मार्गच नाही. आपल्याला वाटतं, आज हात छान बसलाय. चूक झाकली गेली, धक्का मात्र झाकला जात नाही. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, क्लबला तो अर्धा मिलिसेकंद चिकटतो. त्याने कोपर धरत नाही. खालचा सिमेंटचा स्लॅब हलत नाही, म्हणून धरतं.

आता संख्या बघा. १८ होलच्या राउंडमध्ये ९० च्या आसपास फटके लागणाऱ्या माणसाचे त्यातले तीस-पस्तीस पट (होलजवळ चेंडू हलकेच घरंगळवायचे फटके) असतात. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) तर टीवरूनच (चेंडू उंच ठेवायच्या खुंटीवरूनच) मारायचा, जमिनीला लागत नाही. म्हणजे जमिनीवरून मारलेले शॉट राहिले चाळीसेक, तेही चार तासांत, मधे चालणं-बोलणं धरून. गच्चीवर तोच माणूस पाऊण तासात शंभर चेंडू मारतो, बहुतेक सगळे सेव्हन आयर्नने. दोन-अडीच राउंडचा मारा एका संध्याकाळी, आणि उद्या पुन्हा.

नक्की काय दुखतं

स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा, ती अशा वारंवारच्या ताणाने दुखावते. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात, बाहेरच्या बाजूला दुखलं तर 'टेनिस एल्बो'. नावावर जाऊ नका. गोल्फ खेळणाऱ्यांना दुसरंही भरपूर होतं, उजव्या हाताने खेळणाऱ्यांना बहुधा डाव्या कोपराला. कपडे पिळताना, बरणीचं झाकण उघडताना ते जाणवतं. फसवी गोष्ट अशी, की दहा-बारा चेंडू मारले की हात गरम होतो आणि दुखणं गेल्यासारखं वाटतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतं.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणं हाही मॅटवाल्यांचा ओळखीचा त्रास. गुडघ्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. स्पाइकचे बूट घालून मॅटवर उभे राहिलात तर पाऊल जखडल्यासारखं होतं, कंबर वळते आणि पिळा पुढच्या गुडघ्यावर येतो. मॅटवर साधे सपाट तळाचे बूट घाला.

तळहाताच्या टाचेशी, करंगळीच्या बाजूला, दाबल्यावर टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र खेळ लगेच थांबवा. क्लबची मूठ बरोबर तिथे टेकते आणि आतल्या छोट्या हाडाचा हुकसारखा वाकलेला भाग मोडू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये हे नेहमी दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना "गोल्फ खेळतो" हे आवर्जून सांगा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तरीही डॉक्टरांकडेच जा. आम्ही मॅटवाले आहोत, तेल आणि पट्टे आमच्याकडे मागू नका.

आधी पातळी तपासा

आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही. मॅट चार सेंटिमीटर जाड आणि आपण उभे शेजारच्या फरशीवर. म्हणजे चेंडू पायांपेक्षा चार सेंटिमीटर उंच, क्लब तेवढाच जास्त लांब झाल्यासारखा, आणि प्रत्येक शॉट फॅट. शिकवणाऱ्याला दोष देण्याआधी पायाखाली तेवढ्याच जाडीचं काहीतरी घाला. आम्ही उभं राहायची मॅट वेगळी देतो ती विक्री वाढवायला नव्हे (थोडी वाढते, हे खरं).

मग मॅटवर गुडघा टेकून अर्धा मिनिट बसा. गुडघ्याला टोचलं तर कोपरालाही टोचणार. चेंडूची जागा टक्कल पडल्यासारखी झाली असेल, तर मॅट उलट्या तोंडाने फिरवा किंवा मधली पट्टी बदला. खाली जाड फोम किंवा रबर असलेली, उभ्या लांब धाग्यांची मॅट घेतली तर क्लब थोडा आत शिरतो. अशी मॅट महाग पडते आणि लवकर झिजते. झिजते म्हणजे धक्का तिने घेतला, हाताने नाही.

क्लब कुठे पडतोय हे पाहायला चेंडूच्या मागे चिमूटभर टाल्कम पावडर टाका. पावडर उडाली की समजा शॉट मागे पडला. आठवडाभर हे केलेल्या गिऱ्हाइकांचे चेहरे आम्ही पाहिलेत.

सवयींबद्दल थोडंच. एका वेळी तीस-चाळीस चेंडू पुरेत, आणि एक दिवस मारलेत तर दुसरा दिवस सोडा. आयर्नसाठीही चेंडू ठेंगण्या रबरी टीवर ठेवायला लाज वाटू देऊ नका. निम्मे शॉट चिप (जवळचे हलके फटके) आणि हाफ स्विंग (क्लब अर्धाच फिरवून मारलेले) असू द्या. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदला, कारण घसरणारी मूठ माणूस नकळत आवळून धरतो. स्टीलच्या शाफ्टपेक्षा (क्लबच्या दांड्यापेक्षा) ग्रॅफाइटमध्ये झिणझिण्या कमी येतात, पण दुखतंय म्हणून लगेच नवा सेट घ्यायला धावू नका. आधी दोन-तीन आठवडे मॅट गुंडाळून ठेवा आणि पटिंग करा.

नवी मॅट घेण्याआधी जुनीचा फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूने. बाजूच्या फोटोत फूटपट्टी उभी धरा आणि तुमचे बूटही दिसू द्या. बरेचदा शे-दोनशे रुपयांच्या रबरी तुकड्यावर काम भागतं, आणि तो आम्ही मापाने कापून देतो.