सॅन मरिनोचा तो पैलवान खरंच ‘उसना’ होता का? थोडी पार्श्वभूमी

टोकियो ऑलिंपिकमधली ५ ऑगस्ट २०२१ ची ती कुस्ती ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. ८६ किलो, कांस्यपदकाची लढत, आपला हरियाणाचा गडी दीपक पुनिया २-१ ने पुढं, शेवटची दहाएक सेकंदं उरलेली आणि समोरच्या मायल्स अमीननं, म्हणजे सॅन मरिनो या इटलीनं वेढलेल्या चिमुकल्या देशाच्या पैलवानानं, एकेरी पट काढून ताबा घेतला आणि दोन गुण मिळवले. आपण चॅलेंज केलं, ते फेटाळलं, त्याचा एक गुण समोरच्याला आणखी मिळाला, ४-२ नं आपण हरलो. नंतर आपल्या बाजूच्या विदेशी कोचनं रेफरीवर हात टाकला, त्याची हकालपट्टी झाली आणि सगळी चर्चा तिकडंच वळली. जिंकलेला पोरगा कोण हे फार कुणी बघितलंच नाही, आणि ज्यांनी बघितलं ते म्हणाले, अरे हा तर अमेरिकन, सॅन मरिनोनं उसना आणलाय. मला हा शब्द तेव्हापासून खटकतोय.

तर आधी घर बघा. पोरगा जन्मला वाढला अमेरिकेत, मिशिगन राज्यात. वडलांकडचं मूळ लेबननचं, आजोबा १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये लेबननकडून कुस्ती खेळलेले, त्या वेळी कुस्त्या मॅक्सेंशियसच्या जुन्या बॅसिलिकाच्या पडक्या कमानींखाली झाल्या होत्या. वडील आणि काका दोघंही मिशिगनच्याच विद्यापीठाचे पैलवान. आईकडचं मूळ सॅन मरिनोचं, तिकडून गेलेली बरीच कुटुंबं डेट्रॉइटच्या आसपास कधीची स्थायिक आहेत. आणि योगायोग असा की सॅन मरिनोचं पहिलं उन्हाळी ऑलिंपिक पण तेच, रोम १९६०. म्हणजे आईकडचा देश आणि वडलांकडचा आजा एकाच वेळी रोममध्ये होते, एकमेकांची ओळखदेख नसताना.

आता मुख्य भांडण, देश बदलण्याचं. आपल्याकडं ‘ट्रान्सफर’ हा एकच शब्द सगळ्याला लावतात आणि तिथंच घोळ होतो. ऑलिंपिकचा नियम असा की खेळाडू त्या देशाचा नागरिक पाहिजे, दोन देशांचा नागरिक असेल तर कुणाकडून खेळायचं ते त्यानं ठरवायचं, आणि एकदा एका देशाकडून मोठ्या स्पर्धेत उतरला की दुसरीकडं जायला साधारण तीन वर्षं थांबायचं (ती मुदत संमतीनं कमी होऊ शकते). म्हणजे रक्ताच्या नात्यानं मिळालेलं नागरिकत्व वापरणं ही एक गोष्ट, आणि एका देशाचा तयार पैलवान दुसऱ्यानं पासपोर्ट देऊन घेणं ही वेगळी गोष्ट. याचं प्रकरण पहिल्यातलं आहे. त्याचा भाऊसुद्धा सॅन मरिनोकडूनच खेळला, एकट्यासाठी कुणी कागद रंगवले असं नाही.

हां, फायदा बघितला हे खरंय आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. एका वजनात एका देशाचा एकच पैलवान जातो. अमेरिकेत ८६ किलोला जो बसला होता तो डेव्हिड टेलर, २०१८ चा जगज्जेता, पुढं टोकियोचं सोनंही त्यानंच घेतलं. त्याच्या मागं रांगेत उभं राहून कितीतरी चांगल्या पोरांची उमेद गेलीय. पण सॅन मरिनोचा बनियन घातला म्हणून कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली जागा, कुणी घरी आणून देत नाही. २०१९ ला कझाकस्तानमधल्या नूर सुलतानच्या (आताचं अस्ताना) जागतिक स्पर्धेत हा पाचवा आला, पहिल्या सहांना टोकियोचं तिकीट होतं, तसं मिळवलं. त्याच स्पर्धेत आपल्या पोराला रौप्य, हे पण लक्षात ठेवा. आणि हे सगळं अमेरिकेतली कॉलेजची कुस्ती सांभाळून, जिचे नियम ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळे, तिथं खाली दाबून धरलेल्या वेळेचाही गुण मिळतो. म्हणजे वर्षभर एक सवय आणि उन्हाळ्यात दुसरी.

दुसरी तक्रार रेपेचाजची (फायनलला पोचलेल्याकडून हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी), की हा क्वार्टर फायनलला हरला होता, आपला सेमीपर्यंत गेला होता, मग दोघं समोरासमोर कसे? दोघांनाही हरवणारा तोच अमेरिकन जगज्जेता, तो फायनलला गेला म्हणून याला परत संधी मिळाली, आधी बेलारूसच्याला हरवून मग तो आपल्या पोरापुढं उभा राहिला. २००८, २०१२, २०१६, आपली तिन्ही कांस्यं याच दारातून आली, तेव्हा कुणी नियम वाईट म्हटलं नव्हतं.

त्या पदकानं त्या देशात काय झालं असेल विचार करा. ६१ चौरस किलोमीटर, जेमतेम ३४ हजार लोक, आपल्याकडचं तालुक्याचं गाव याहून मोठं असतं. साठ वर्षं एकही पदक नाही, आणि टोकियोला पाच खेळाडू गेले, नेमबाजीत दोन पदकं आली आणि तिसरं या कुस्तीचं.

२०२४ ला पॅरिसमध्ये तो परत कांस्याच्या लढतीपर्यंत पोचला आणि ग्रीसच्या पैलवानाकडून हरला. तो ग्रीसवाला मूळचा रशियातल्या दागेस्तान प्रांताचा, रशियाकडून युरोपचं सोनं घेतलेला. त्याच वजनात सोनं घेणारा बल्गेरियाचा, तोही दागेस्तानचाच. उसना हा शब्द वापरायचाच असेल तर आधी त्या यादीकडं बघावं लागेल, आणि या मिशिगनच्या पोराचं नाव त्यात कुठं बसतं ते मग ठरवावं.